गाडीला डोळे आहेत, तुम्ही खुशाल मिटा

यंदा गणपतीला नवी गाडी घेऊन गावी निघालाय ना, मग एक काम आधी करा, जुनी अक्कल घरीच ठेवा, माळ्यावर, मखराच्या रिकाम्या खोक्यात. ती आता लागणार नाही. तुमच्या गाडीत एडास आहे, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा. शोरूममधल्या पोराने सांगितलंच असेल, सर गाडी स्वतः ब्रेक मारते, स्वतः लेनमध्ये राहते, पुढच्याशी अंतर स्वतः ठेवते, तुम्ही फक्त बसायचं. मलाही असंच सांगितलेलं. मी बसलो. कुठे जाऊन बसलो ते खाली येईलच.

गाडी दारात आली की आधी पूजा. झेंडूचा चांगला मनगटाएवढा हार घ्या आणि पुढच्या जाळीवर असा घाला की कंपनीचा लोगोसुद्धा दिसता कामा नये, कारण बऱ्याच गाड्यांत पुढचं हेरणारं रडार त्या लोगोच्या नाहीतर बंपरच्या मागेच बसवलेलं असतं, आणि गाडीला नजर लागू नये म्हणून गाडीचीच नजर बंद केलेली बरी. ह्या रडारची लहर ७७ गिगाहर्ट्झची, म्हणजे लांबीला जेमतेम ४ मिलिमीटर, ओल्या वस्तूतून जाताना तिचा जीव गुदमरतो, म्हणून हारावर पाणी शिंपडायला विसरू नका. मग काचेवर वरच्या बाजूला, आरशाच्या मागे, जिथून कॅमेरा बघतो नेमकं तिथे ‘येवा कोकण आपलाच आसा’चं स्टिकर. गाडीला कळायला नको का कुठे चाललोय.

मॅन्युअल वाचू नका. मी वाचलं, चूक झाली. ‘खालील परिस्थितीत यंत्रणा नीट काम करणार नाही’ असं एक पान असतं, बारीक टायपात, आणि त्यात काय काय तर जोराचा पाऊस, धुकं, सेन्सरवर चिखल, तीव्र वळणं, अरुंद रस्ता, पुसट झालेले पट्टे, रस्त्याचं काम चालू असणे, समोरून येणारं ऊन, रात्री अंधार, आणि प्राणी. मला वाटलं कोणीतरी पनवेल ते सावंतवाडी प्रवासवर्णन लिहिलंय. एवढं एकच राहिलं होतं की वडखळला चहा घ्यावा.

आणि हो, ते लेव्हलचं. गाडी किती स्वतःहून चालते त्याच्या ० ते ५ अशा सहा पायऱ्या असतात, ५ म्हणजे गाडी एकटी काशीला जाऊन येईल, आणि तुम्हीआम्ही इथे हप्त्यावर घेतो त्या बहुतेक सगळ्या २ वर. २ चा सरळ अर्थ असा की गाडी मदत करते पण बघायचं तुम्ही, जबाबदारीही तुमचीच. पण हे शेजाऱ्यांना सांगू नका, त्यांना सांगा सेल्फ ड्रायव्हिंग आहे. स्टीअरिंगवरचे हात काढले की गाडी कटकट करते, म्हणून परदेशात काही महाभाग स्टीअरिंगला वजन अडकवून तिला फसवतात म्हणे, आपल्याकडे शहाळं टांगायला हरकत नाही, वाटेत तहान लागली तर उपयोगी.

तर निघालात. पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं, तेव्हा बालवाडीत घातलेलं पोर आता कॉलेजात गेलं, त्यामुळे रस्त्यावर पट्ट्यांच्याही पिढ्या आहेत. एक जुना पिवळा, एक नवा पांढरा, आणि एक डायव्हर्जन असताना मारलेला जो डायव्हर्जन गेलं तरी राहिलाय. कॅमेऱ्याला काळ्यावर पांढरं दिसलं की झालं, तो म्हणतो ही माझी लेन. सिमेंटचा रस्ता मध्येच संपतो, तुम्हाला डावीकडे मातीत उतरायचं असतं, जुना पट्टा सरळ पुलाच्या अर्धवट खांबाकडे गेलेला असतो, आणि तुम्ही स्टीअरिंग डावीकडे वळवलंत की गाडी हळूच, अगदी प्रेमाने, उजवीकडे ओढते. भांडू नका तिच्याशी. तिने लाईन बघितली आहे. तुम्ही काय बघितलंत, नुसता खांब.

माझी गाडी पाट्याही वाचते. माणगावच्या अलीकडे ट्रॅफिक तुंबलेलं, आम्ही ताशी १० ने सरकतोय, पुढच्या ट्रकच्या पाठीवर गोलात ८० असं रंगवलेलं, तर हिने डॅशबोर्डवर लगेच ८० चा बोर्ड दाखवला. बायको म्हणाली, घे, परवानगी मिळाली.

पुढे ट्रॅफिक सुटलं की क्रूझ लावा. ही क्रूझ पुढच्या गाडीपासून ठरावीक अंतर राखते, आणि आपल्या हायवेवर दोन गाड्यांत अंतर दिसलं की त्याला जागा म्हणतात. त्या जागेत एक टमटम येते, गाडी ब्रेक मारून परत अंतर करते, त्यात बाईकवाला येतो, परत ब्रेक, मग गणपतीचा टेम्पो, त्यात मागे आठ जण ढोलकी घेऊन. असं करत करत तुम्ही हळूहळू मुंबईकडे मागे सरकायला लागता. मागचा हॉर्न मारतोय त्याच्याकडे लक्ष देऊ नका, त्याच्याकडे एडास नाही, त्याला काय कळतंय.

आता डंपरचं ऐका, हे जरा कामाचं आहे. रडारला वेग फार छान कळतो, हलणारी वस्तू त्याला लगेच सापडते. पण रस्त्याच्या कडेला न हलणाऱ्या वस्तू किती असतात, पाटी, खांब, पुलाचा कठडा, डिव्हायडर, ह्या सगळ्यांवरून लहर परत येते आणि प्रत्येकाला घाबरून ब्रेक मारला तर गाडी पनवेल सोडणार नाही. म्हणून अनेक सिस्टीम वेगात असताना स्थिर वस्तूंकडे काणाडोळा करतात. बंद पडून उभी असलेली गाडी पण स्थिरच असते, आणि त्यामुळे ती गाडीला उशिरा कळते, कधी कळतही नाही. हे बहुतेक मॅन्युअलांत ह्या ना त्या शब्दांत लिहिलेलं असतं. आता आपल्याकडे रात्री चिऱ्याचा डंपर ॲक्सल तुटून उभा राहतो तेव्हा त्याला ना लाईट ना रिफ्लेक्टर, ड्रायव्हर काय करतो, झाडाची एक फांदी तोडून वीस पावलं मागे रस्त्यात टाकतो आणि चार दगड ठेवतो. तुमच्या बापसाला, एसटीच्या ड्रायव्हरला, शाळेतल्या पोरालासुद्धा ती फांदी वाचता येते. जगातल्या कुठल्या कारखान्यात गाडीला ती फांदी शिकवली असेल तर मला सांगा. तुम्ही मात्र फांदी दिसली तरी पाय ब्रेकवर नेऊ नका, गाडीच्या कामात लुडबूड कशाला.

घाटात तर मजाच. कशेडीला आता बोगदा झालाय पण परशुराम आहे, भोस्ते आहे, गावाकडचे तर मोजायलाच नकोत. रडार बघतं सरळ नाकासमोर. वळणावर पुढची एसटी डावीकडे वळली की रडारच्या दृष्टीने ती ढगात गेली, समोर मोकळी दरी, रस्ता क्लिअर, आणि गाडी उत्साहाने सेट केलेल्या ८० कडे निघते. मग वळण संपतं, एसटी परत प्रकट होते, गाडी दचकून ब्रेक मारते, मागच्या सीटवरच्या सासूबाईंच्या मांडीवरचे मोदक पुढे येतात. हे प्रत्येक वळणाला. मोदक आम्ही चिपळूणपर्यंत खात होतो.

पावसाचं काय बोलायचं. अमेरिकेत एएए म्हणून वाहनचालकांची संघटना आहे, त्यांनी २०२१ मध्ये टेस्ट केली, पाऊस कसा तर काचेवर पाण्याचे फवारे मारून. तर ताशी ३५ मैलांना, म्हणजे आपल्या ५६ ला, उभ्या गाडीवर आपोआप ब्रेक लागायचा तो १०० पैकी ३३ वेळा पुरा पडला नाही, गाडी जाऊन आदळली. आणि लेन धरून राहणं ६९ टक्के वेळा फसलं. हे कोरड्या ट्रॅकवर, काचेवर फवारा मारून हां. आमच्याकडे वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पडतो तो फक्त काचेवर पडत नाही. तो आडवा येतो, खालून येतो, पुढच्या डंपरच्या चाकातून लाल चिखल होऊन येतो आणि बंपरवर असा बसतो की गाडी स्वतःच स्क्रीनवर लिहिते, सेन्सर झाकला गेला आहे, साफ करा. तुम्ही उतरून रुमालाने पुसता, बसता, पुढच्या खड्ड्यात परत. हातखंब्यापर्यंत मी तीन रुमाल संपवले, नंतर गणपतीच्या आसनाचं कापड काढायला लागलो तेव्हा बायकोने हात धरला.

आणि काच फुटली तर (त्या डंपरची खडी उडतेच) ती गल्लीत स्वस्तात बदला, नवी बसवल्यावर कॅमेरा कॅलिब्रेट करावा लागतो, म्हणजे त्याची नजर परत सरळ जुळवावी लागते, असं सांगतील त्यांचं ऐकू नका. एका अंशाने तिरका बसला तर काय होतंय, १०० मीटरवर फक्त पावणेदोन मीटरचा फरक. बांधावरच्या काजूला गाडी पुढची गाडी समजेल, एवढंच.

जनावरांच्या बाबतीत निर्धास्त रहा. व्होल्वोवाल्यांनी स्वीडनमध्ये मोठी जनावरं ओळखणारी सिस्टीम केली, तिकडचे सांबरासारखे दांडगे मूज वगैरे छान ओळखायची, मग २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातून बातमी आली की कांगारूपुढे तिने हात टेकले. का, तर ती अंतर मोजायची जनावराच्या खालच्या जमिनीवरून, आणि कांगारू हवेत उडाला की तिला वाटायचं लांब गेला, खाली आला की जवळ आला. स्वीडिश इंजिनियरला उडी माहीत नव्हती. आता मला सांगा, श्रावण-भाद्रपदातल्या रात्री अकरा वाजता, डांबर दिवसभराचं कोमट, त्यावर भर वळणात बसून रवंथ करणारी काळी भिजलेली म्हैस, तिचा अभ्यास कुठल्या देशात झाला असेल? ती उडत नाही, हलत नाही, उठत पण नाही. आमच्या काकीचं म्हणणं, “म्हशीक गाडी दिसता, गाडयेक म्हस दिसणा नाय? मगे गाडी म्हशीनच चलवक होई.”

एक गोष्ट मात्र मला थट्टेत घालता येत नाही. २०१८ च्या मार्चमध्ये ॲरिझोनातल्या टेम्पीला रात्री एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती, टेस्टिंगवाल्या, स्वतः चालणाऱ्या गाडीने तिला कधी वाहन म्हटलं, कधी काहीतरी वस्तू, कधी सायकल, नावं बदलत राहिली आणि गाडीच्या धडकेने बाई गेली. क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडेल हे त्या सिस्टीमच्या हिशोबातच नव्हतं. आमच्या गावात क्रॉसिंग नाहीच. डोक्यावर गवताचा भारा, कमरेत वाकलेली, भाऱ्याखाली दोन पाय, अशी माणसं तिन्हीसांजेला रस्त्याने जातात, गाडी त्यांना काय नाव देत असेल कोण जाणे.

शिमग्याला येणार असाल तर पोस्त मागायला पोरं रस्त्याला आडवी दोरी धरतात, ती रडारला दिसत नाही, सुट्टे पैसे तयार ठेवा.

तर आमचं पोचणं. रात्री दीडला गावात शिरलो, हायवेवरून खाली पाणंद, दोन्हीकडे चिऱ्याचा गडगा, त्यावर गवत कमरेएवढं वाढलेलं. गाडीने त्या गवताच्या प्रत्येक पात्याला सलाम ठोकला, पीं पीं पीं पीं, पुढून मागून डावीकडून उजवीकडून, स्क्रीन सगळी लाल. अल्ट्रासॉनिक सेन्सरचा धर्मच असा की जमिनीच्या वर जे काही आडवं येईल त्यावर आवाज आपटून परत येतो, तेवढं त्याला कळतं. जमिनीच्या खाली जे आहे त्यावरून काही परत येत नाही. खळ्यात गाडी उलटी लावायची होती. पूर्वी अशा वेळी काका मागे उभे राहून डिकीवर थाप मारत ‘येवंदे येवंदे’ करायचे. ह्यावेळी काका कंदील घेऊन आलेच होते, मी काच खाली केली आणि म्हटलं, काका बाजूला व्हा, तुम्ही उभे राहिलात की सेन्सर ओरडतो. ते बिचारे बाजूला झाले. सेन्सर गप्प झाला. सगळीकडे शांतता, स्क्रीनवर हिरव्या रेषा, मागे मोकळं. मी निवांत रिव्हर्स घेतला आणि मागचं डावं चाक पागोळ्यांचं पाणी जायला काकांनीच खणलेल्या चरीत बसलं. खटकन नाही, अगदी मऊ, कोंबडी अंड्यावर बसते तसं.

मग वाडीतली माणसं उठली. बंड्या आला, त्याचा भाऊ आला, वासा आणला, फळी आणली, काका आणि आणखी दोघे डिकीला खांदा लावून उभे. मी गाडी सुरू केली, तर मागे वस्तू आहे म्हणून गाडीने जी बोंब ठोकली ती पलीकडच्या वाडीतले कुत्रे उठेपर्यंत थांबली नाही.

काकी पडवीत टॉर्च धरून उभी होती.

“आता कित्याक बोंबलता मेला? चरीत पडताना त्येची वाचा गेल्ली काय?”