‘लेझर म्हणजे लेझर’? मखराच्या हंगामात फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गणपतीला दोन-अडीच महिने उरले की आमच्या सिंधुदुर्गात मखरांची कामं निघतात आणि सोबत एक मेसेज फिरायला लागतो. शेजारच्या बचत गटातल्या ताईंनी तो मला पाठवून विचारलं, “घ्यायचं का हे मशीन?” मेसेज असा: “लेझर म्हणजे लेझर. वॉट जास्त तेवढं मशीन भारी. ४० वॉटच्या छोट्या डायोड मशीनवर लाकूड, अ‍ॅक्रिलिक, सनबोर्ड, पत्रा सगळं कापतं. सोबतचा गॉगल लावला की काळजी नाही.” कुडाळात माझं लेझर कटिंगचं काम चालतं. या मेसेजपायी लोकांचे पैसे जातात आणि तब्येतही जाते, म्हणून एकेक वाक्य घेतो.

“लेझर म्हणजे लेझर.” साफ चूक. गेल्या वर्षी वेंगुर्ल्याचा एक मुलगा डायोड मशीन घेऊन आला. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या नावाच्या पाट्या करायच्या होत्या. “लायट आरपार जाता, पण कापणा नाय,” म्हणाला. शीट उचलली तर खालच्या पुठ्ठ्यावर अक्षरं जळून उमटलेली, अ‍ॅक्रिलिकवर ओरखडासुद्धा नाही. मशीन बिघडलेलं नव्हतं. वस्तू जो प्रकाश शोषून घेते त्यानेच ती तापते, आणि लेझरच्या प्रत्येक प्रकाराची तरंगलांबी वेगळी. छोट्या डायोडचा प्रकाश निळा, साधारण ४५० नॅनोमीटरचा. तो पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून खिडकीतून ऊन यावं तसा निघून जातो. सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साईड वायूच्या लेझरचा प्रकाश १०,६०० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. तो अ‍ॅक्रिलिक, लाकूड, चामडं, काच सगळेच शोषतात. म्हणून पाट्यांच्या दुकानांत सीओटू दिसतं. फायबर लेझर, म्हणजे काचेच्या तंतूत तयार होणारा, १,०६४ नॅनोमीटरच्या आसपास, तो धातूसाठी. सीओटू लेझर १९६४ साली शोधणारे कुमार पटेल जन्माने बारामतीचे आणि पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकलेले. हे आपल्याकडच्या प्रत्येक लेझरवाल्याला ठाऊक असायला हवं.

“वॉट जास्त तेवढं मशीन भारी.” कुठले वॉट? जाहिरातीतले ४० वॉट पुष्कळदा मशीन किती वीज खातं त्याचे असतात, आणि मशीनच्या डोक्यातून (लेझर हेडमधून) बाहेर पडणारा प्रकाश पाचच वॉटचा. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: ऑप्टिकल पॉवर किती? खरे वॉट कळले तरी फोकस, वेग आणि एअर असिस्ट पाहावेच लागतात. एअर असिस्ट म्हणजे कापण्याच्या जागी मारलेली हवा. ती धूर उडवते, ज्वाळ धरू देत नाही. आमच्या पावसाळ्यात ओल धरलेल्या प्लायला जास्त पॉवर लागते, आणि मरीन प्लायमधला फिनॉलचा गोंद तर बीमला, म्हणजे लेझरच्या किरणाला, दाद देत नाही.

मखरवाल्यांनी आणखी एक शब्द पक्का करावा: कर्फ. करवतीचं पातं जसं थोडं लाकूड खातं तसा बीमही खातो, साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर. चित्रात ३ मिलिमीटरची खाच काढली तर हातात येते ३.२ची. त्यात ३ मिलिमीटरचा म्हणून विकलेला प्लाय व्हर्नियरने मोजला तर कधी २.७च भरतो. खांब डुगडुगतो आणि दोष मशीनला लागतो. आधी प्लाय मोजा, मग एका तुकड्यावर चाचणी खाच कापा, मग अख्खी कमान.

“पत्रा कापतं.” नाही. डायोड स्टीलवर फार तर खूण उमटवेल. पत्रा कापायला ताकदीचं फायबर हवं.

“सनबोर्ड कापतं.” या वाक्याचा मला राग येतो. २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली आणि मखरवाले सनबोर्डकडे वळले. त्या नावाने मिळणारं शीट बहुतेक वेळा पीव्हीसी फोमच असतं. पीव्हीसीत क्लोरीन आहे. लेझरने जळलं की हायड्रोजन क्लोराईड वायू सुटतो आणि ओलाव्याशी मिळून त्याचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड होतं. तो ओलावा तुमच्या घशात असतो, फुप्फुसात असतो, आमच्या खाऱ्या दमट हवेत तर सगळीकडेच. मशीनच्या रेल गंजतात, आरसे आणि लेन्स जातात. रेक्झिनही बहुधा पीव्हीसीचंच, तेही नको. शंका असेल तर तांब्याची तार पकडीत धरून लाल तापवा, प्लास्टिकला टेकवा आणि परत ज्वाळेत धरा. ज्वाळ हिरवी झाली तर क्लोरीन आहे, ते शीट लेझरखाली घालू नका. ही चाचणी अंगणात करा, घरात नव्हे.

“सोबतचा गॉगल लावला की झालं.” गॉगल तरंगलांबीनुसार ठरतो. निळ्या डायोडचा केशरी गॉगल फायबरपुढे उपयोगाचा नाही. फायबरचा प्रकाश दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटतच नाही, आणि तो थेट डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचतो. चकचकीत धातूवरून उसळलेला बीमही तेवढाच घातक. गॉगलवर तरंगलांबी आणि ओडीचा (प्रकाश किती अडवतो त्याचा) आकडा छापलेला नसेल तर तो घेऊ नका. उघड्या मशीनपेक्षा झाकणाचं घ्या, धूर बाहेर ओढणारा पंखा लावा, आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

ताईंच्या गटाला करवंटीवर नावं कोरायची आहेत आणि पातळ प्लायच्या किचेन करायच्या आहेत. त्याला खऱ्या दहा वॉटचं, बंद पेटीतलं डायोड पुरेल. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं काम आलं तर ते बाहेरून सीओटूवर करून घ्यावं. करवंटी गोल असल्याने मधलं अक्षर फोकसमध्ये राहतं आणि कडेचं पुसट होतं, म्हणून नाव किती लांब बसतं ते आधी पाहायला हवं. रविवारी ताई घासून साफ केलेल्या दहा-बारा करवंट्या घेऊन माझ्याकडे येणार आहेत.