होल्डवर ठेवणाऱ्याचा दोष किती?

काल कट्ट्यावर जाम वाजलं. एकाचा रिफंडचा कॉल तीनदा ट्रान्सफर झालेला आणि प्रत्येक वेळी ऑर्डर नंबरपासून रामायण पहिल्यापासून, त्यामुळे साहेब तापलेले, म्हणे ही कस्टमर केअरची पोरं कामच करत नाहीत, नुसतं सॉरी सर सॉरी सर.

दुसरा बरीच वर्षं कॉल सेंटरला होता. तो म्हणाला, अरे तुझा आधीचा कॉल त्याच्या स्क्रीनवर दिसतच नसेल तर तो विचारणारच ना, आणि रिफंड द्यायचा अधिकारच नसेल तर ट्रान्सफरशिवाय करणार काय? वर एएचटीची तलवार, म्हणजे एक कॉल सरासरी किती वेळात उरकला ते. फोन लवकर ठेवला की आकडा छान, तुझं काम झालं नाही आणि तू परत फोन केलास तर तो नवीन कॉल!

पहिला ऐकेना. "मग माणसं वाढवा की, आम्ही का म्युझिक ऐकत बसायचं?"

इथे मला राहवलं नाही. एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने १९१७ साली टेलिफोन एक्स्चेंजसाठी सूत्र काढलं, शिफ्टला किती माणसं लागतील ते आजही त्यावरूनच काढतात. अर्ध्या तासात १०० कॉल, प्रत्येक ३ मिनिटांचा, तर १३ जण असताना सरासरी १७ सेकंद थांबावं लागतं. अधूनमधून रिकामे दिसतात म्हणून दोघं कमी केले की तेच २ मिनिटांवर जातं, कारण कॉल रांगेत शिस्तीत येत नाहीत, एकदम येतात. आणि उरलेले ११ जण ९१ टक्के वेळ बोलतच असतात. एखाद्याने आईबहिणीवरून शिव्या घातल्या तरी नोट्स टाइप होईपर्यंत हेडसेटमध्ये पुढची बीप, पाणी प्यायलाही वेळ नाही, आणि त्या पुढच्या माणसाशी आवाज गोड हवाच.

माझं स्पष्ट मत आहे, अशा कॉलला एकदा वॉर्निंग देऊन फोन ठेवायची परवानगी हवी आणि मग पाच मिनिटं लाइनवरून बाजूला. हे लाड नाहीत रे, पुढच्या ग्राहकाला धड उत्तर मिळावं म्हणूनच ते.

यावर पहिला जरा नरमला. "बरं, मग छोट्या रकमेचा रिफंड त्यालाच करू द्या ना, ट्रान्सफर कशाला?" हे सगळ्यांना पटलं, पण छोटी म्हणजे किती, आणि कुणी गैरफायदा घेतला तर पगार कुणाचा कापायचा, यावरून परत जुंपली.