पिन बसली म्हणून चार्जर चालत नाही

‘पंपाचा चार्जर जळाला तर नवा घेऊ नका. पिन बसली की १२ व्होल्टचा कोणताही चार्जर चालतो. बॅटरी लागेल तेवढाच करंट ओढते, आत बीएमएस असतोच. बॅटरी साफ मेली असेल तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून दोन मिनिटं वायर लावा, उठते.’

फवारणी पंपाबद्दलचा हा मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. (बीएमएस म्हणजे बॅटरीच्या आत बसवलेलं, तिची राखण करणारं सर्किट.) काल तो माझ्या सासऱ्यांनी ‘उपयोगी माहिती’ म्हणून मला पाठवला. त्यांच्याकडे जुना लेड-ॲसिडचा आणि यंदाचा लिथियमचा असे दोन पंप आहेत. दोन्हींचे चार्जर एकाच खुंटीला, पिनही सारखीच. म्हणून गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक शब्द ‘१२ व्होल्टचा कोणताही’. अहो, १२ हे नुसतं नाव आहे. लेड-ॲसिडचा चार्जर १४.४ व्होल्टच्या आसपास चढतो. लिथियम-आयनच्या १२ व्होल्ट पॅकमध्ये तीन सेल ओळीने जोडलेले असतात, एक सेल ४.२ ला पूर्ण भरतो, म्हणजे पॅक १२.६ ला. आता १४.४ ला तीनाने भागा. ४.८ येतात! इतक्या दाबाखाली सेलच्या आत लिथियम धातू होऊन साचतो, द्रावण तापून गॅस धरतं, सेल फुगतो. आणि ते द्रावण पेट घेणारं असतं.

‘आमचा तर चालला’ म्हणणारेही भेटतील. लिथियमचीच दुसरी जात, लिथियम आयर्न फॉस्फेट, तिचा चार सेलचा पॅक १४.६ ला भरतो, तिथे आकडे जवळपास जुळतात, हे मान्य. पण खोक्यावर दोन्हीकडे अनेकदा ‘लिथियम १२ व्होल्ट’ एवढंच छापलेलं असतं, तर ओळखणार कसं?

बीएमएस वाचवेल? वाचवतो, पण तो शेवटचा अडसर आहे. सेल ४.२५ च्या आसपास गेला की तो वाट तोडतो, करंट थांबतो आणि चार्जरचा दिवा हिरवा होतो. आपल्याला वाटतं, छान भरली. पुढे रात्रभर चार्जर १३.८ वर ताटकळत राहतो, म्हणजे सेलमागे ४.६. ही वाट जोडणारा-तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, म्हणजे मॉस्फेट, जळाला तर बहुतेक वेळा तो चालू अवस्थेतच अडकतो, मग अडवायला कुणी उरत नाही. २०२२ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटरींना आगी लागल्यावर एआयएस-१५६ हे अशा गाड्यांच्या बॅटरीचं भारतीय मानक कडक केलं गेलं. त्यात बीएमएसची संरक्षणं सक्तीची आहेतच, शिवाय ठरल्या व्होल्टेजला चार्जरनेही थांबलंच पाहिजे अशी अट आहे. मानक गाड्यांचं आहे, पंपाचं नाही. पण सेल त्याच जातीचे.

करंटचं वाक्य अर्धं खरं. मोबाइलला ते लागू पडतं, कारण भरणं आवरणारं सर्किट फोनमध्येच असतं. पंपात ते काम चार्जर करतो. व्होल्ट आणि जात जुळत असेल तर कमी अँपिअरचा चार्जर चालेल, वेळ लागेल इतकंच.

ट्रॅक्टरचा उपाय मात्र ज्याने लिहिला त्याने आधी तो मेसेज मागे घ्यावा. फार खाली उतरलेल्या लिथियम सेलमध्ये आतलं तांबं विरघळून भलतीकडे साचलेलं असू शकतं. त्यावर ट्रॅक्टरची बॅटरी लावणं म्हणजे आतल्या शॉर्टला हवा तेवढा करंट पुरवणं. असा पॅक दुकानदाराकडे द्या. फुगलेला असेल तर टोचू नका, दाबू नका, कडबा आणि खतापासून लांब उघड्यावर ठेवा.

सासऱ्यांच्या लिथियमच्या चार्जरवर मी पांढऱ्या रंगाने ‘१२.६’ लिहिलंय आणि तो घरात वेगळ्या खुंटीला लावलाय.