रायझोबियम लावलं म्हणून हरभरा ‘जीएम’ होत नाही

रब्बीच्या तोंडावर एक संदेश फिरतो: ‘बियाण्याला लावलेले जिवाणू बियात शिरून जनुकं बदलतात. असा हरभरा जीएम (जनुकं बदललेला) असतो, आणि डाळीतून ते जिवाणू पोटात जातात.’ हे वाचून कुणी बीजप्रक्रिया टाळली तर नुकसान त्याचंच. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘जिवाणू जनुकं बदलतात.’ बियाण्याला लावतात तो जिवाणू म्हणजे रायझोबियम. तो मुळांवर गाठी करतो आणि हवेतला नत्र पिकाला देतो. पेरणीनंतर महिन्याभराने रोप मातीसकट काढा, गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसलं की काम चालू आहे. रोपाची जनुकं मात्र होती तशीच राहतात. डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो तो ॲग्रोबॅक्टेरियम हा दुसरा जिवाणू. दोघं एकाच कुळातली, गोंधळ तिथेच होतो.

‘बी जिवाणूत भिजवलं की जीएम झालं.’ अजिबात नाही. प्रयोगशाळेत आधी ॲग्रोबॅक्टेरियमची झाडावर रोगाची गाठ वाढवणारी जनुकं काढतात, त्या जागी घाटे अळीविरुद्धचं क्राय१एसीसारखं जनुक बसवतात. मोड आलेल्या हरभऱ्याचं टोक आणि मूळ छाटून भ्रूणाला सुईने जखमा करतात, कारण जिवाणूला जखमी, विभागणाऱ्या पेशी लागतात. जिवाणूच्या द्रावणात त्याला जनुक सोडायला चेतवणारं ॲसिटोसिरिंगोन, साधारण १०० मायक्रोमोलर. मग दोन-तीन दिवस अंधारात. पुढे उरलेला जिवाणू मारायला सेफोटॅक्सिम हे प्रतिजैविक, लिटरला २५० ते ५०० मिलिग्रॅम: कमी पडलं तर जिवाणू माजून तुकडा सडतो. जनुक गेलेले कोंब निवडायला वापरतात ते प्रतिजैविक कॅनामायसिन कमी पडलं तर जनुक न गेलेले कोंबही तग धरतात, जास्त झालं तर चांगलेही पांढरे पडतात. एवढं करून हरभऱ्याचा कोंब मुळं धरायला कुरकुरतो, म्हणून दुसऱ्या रोपावर कलम करावं लागतं. शंभर तुकड्यांमागे एक-दोन खरी रोपं मिळाली तरी चांगलं म्हणायचं.

‘जिवाणू डाळीत उतरतात.’ रायझोबियम मुळांत आणि मातीत राहतं. जीएम रोपातही पुढच्या पिढीत जातं ते जनुक, जिवाणू नव्हे.

‘बाजारातला हरभरा जीएमच आहे.’ भारतात व्यापारी लागवड होणारं मान्यताप्राप्त जीएम पीक एकच, २००२ पासूनचा बीटी कापूस. कडधान्यांत बीटी चवळीला नायजेरियाने २०१९ मध्ये परवानगी दिली. आपल्याकडे अशा हरभऱ्याला किंवा तुरीला ती नाही.

तेव्हा १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम, थंड केलेल्या गुळाच्या पाण्यातून. बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.