बाळंतिणीला आधी मदत द्या, सल्ले नंतर

नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला भेटायला येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस ‘दूध पुरतंय ना?’ असं विचारतं आणि तिचं उत्तर पुरतं ऐकायच्या आत सल्ला देऊन मोकळं होतं. एक म्हणतो, अंगावरच पाज, बाटलीला हातसुद्धा लावू नकोस. दुसरा म्हणतो, रडतंय म्हणजे उपाशीच आहे, वरचं सुरू कर. तिचे टाके दुखत असतात, झोप झालेली नसते आणि बाळ छातीशी धरलं की डोळ्यांत पाणी यावं इतकी स्तनाग्रं सोलवटलेली असतात. त्याबद्दल कुणी काही करत नाही. मला याचा मनापासून राग येतो, म्हणून हे लांबलचक लिहितेय.

आईचं दूध बाळासाठी उत्तम आहे याबद्दल मला शंका नाही. पण ते उत्तम आहे हे शंभरदा ऐकवल्याने कुणालाही पाजता येत नाही. तिच्या शेजारी बसून दाखवणारं, पुन्हा पुन्हा येऊन बघणारं माणूस लागतं. आणि असं माणूस मिळूनही जमलं नाही, तर बाळांसाठीच्या पावडरच्या दुधावर (फॉर्म्युलावर) बाळ नीट वाढतं हे तिला तितक्याच स्पष्टपणे कुणीतरी सांगायला हवं.

बेलारूसमध्ये १९९६-९७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. संशोधक मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७,०४६ आया आणि त्यांची बाळं त्यात घेतली. कोणी पाजावं आणि कोणी पाजू नये हे ठरवणं माणुसकीला धरून नव्हतं, म्हणून त्यांनी काही रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांना आयांना पाजायला मदत कशी करायची याचं प्रशिक्षण दिलं आणि बाकीच्या रुग्णालयांत नेहमीसारखं चालू ठेवलं. तीन महिन्यांनी पाहिलं, तर नेहमीच्या रुग्णालयांतल्या गटात फक्त आईच्या दुधावर असलेली बाळं ६.४ टक्के होती आणि मदत मिळालेल्या गटात ४३.३ टक्के. या दोन आकड्यांकडे जरा थांबून बघा. दोन्हीकडच्या बायका सारख्याच होत्या, सुरुवातीला पाजतही होत्या. मधलं अंतर त्यांच्या जिद्दीचं नव्हतं, मिळालेल्या मदतीचं होतं.

याच अभ्यासात पहिल्या वर्षात जुलाबाचा आजार झालेली बाळं नेहमीच्या गटात १३.२ टक्के होती आणि मदत मिळालेल्या गटात ९.१ टक्के, तिथे त्वचेवरचा एक्झिमाही कमी दिसला. पण श्वसनाच्या आजारांत ठळक फरक दिसला नाही. मुलं साडेअकरा वर्षांची झाली तेव्हा लठ्ठपणातही फायदा दिसला नाही. साडेसहाव्या वर्षी बुद्धीच्या चाचण्यांत थोडी आघाडी होती, सोळाव्या वर्षापर्यंत ती बरीचशी ओसरली. म्हणजे फायदे खरे आहेत, पण ‘अंगावर पाजलं नाहीस तर मूल आयुष्यभर मागे पडेल’ असं कुणी धमकावत असेल तर त्याला हा आधार नाही. इतर अनेक पाहण्यांत जास्त मोठे फरक दिसतात. त्यातला काही भाग शिक्षण, पैसा, घरातली परिस्थिती यांचा असतो आणि तो वेगळा काढणं अवघड असतं.

एक मोठा अपवाद मात्र आहे. जिथे स्वच्छ पाणी नाही, उकळायला इंधन नाही, पावडर पुरवून पुरवून वापरावी लागते, तिथे हा प्रश्न जगण्यामरण्याचा होतो. पाजण्याचं प्रमाण जगभर जवळपास सार्वत्रिक झालं तर दरवर्षी पाच वर्षांखालच्या सुमारे ८ लाख २३ हजार मुलांचे मृत्यू टळतील, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१६ मध्ये मांडला होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचंही तसंच. त्यांच्या आतड्यांना होणाऱ्या एका भयंकर आजाराचा धोका आईच्या दुधाने कमी होतो. म्हणूनच आईचं दूध कमी पडतं तिथे मिल्क बँकेतलं, तपासलेलं आणि पाश्चराइज केलेलं दुसऱ्या मातेचं दूध शोधलं जातं.

आता पहिल्या आठवड्याविषयी बोलते, कारण सगळं तिथेच घडतं किंवा बिघडतं.

पहिल्या दिवशी चीक येतो, तोही थेंब थेंब. बघणाऱ्याला वाटतं, यानं काय होणार! पण त्या दिवशी बाळाला एका वेळी काही मिलिलिटरच लागतात, आणि त्या घट्ट पिवळ्या चिकात रोगाशी लढणारी द्रव्यं ठासून भरलेली असतात. वार पडल्यावर आईच्या शरीरातलं एक संप्रेरक झपाट्याने उतरतं, त्यानंतर साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी छाती भरून येते. सिझेरियन, पहिलं बाळंतपण, मधुमेह, खूप रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणं यामुळे हा दिवस लांबू शकतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ‘हिला दूधच नाही’ असा निकाल देणारी माणसं निसर्गाचं वेळापत्रक न बघताच बोलत असतात, आणि ते वाक्य बाईच्या मनात कायमचं रुतून बसतं.

पुढे दूध मागणीवर चालतं. बाळ जितकं ओढेल तितकं बनतं, छाती तुंबून राहिली की बनणं मंदावतं. म्हणून उगाच वरचं पाजत गेलं की बाळ कमी ओढतं आणि दूध खरोखरच आटत जातं. रात्रीचं पाजणं थकवणारं असलं तरी दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं, त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत ते एकदम तोडू नये. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा प्यायला मागणं नवजात बाळासाठी अगदी नेहमीचं आहे.

आणि दुखणं? पहिल्या काही क्षणांची कळ समजू शकते. पण पाजताना दात-ओठ खावे लागत असतील, भेगा पडून रक्त येत असेल, तर बाळाने बहुधा फक्त टोक पकडलेलं असतं. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी छातीला टेकलेली, काळसर भागाची खालची बाजू जास्त तोंडात आणि गिळण्याचा आवाज ऐकू येणारा, असं धरलं गेलं की कितीतरी बायकांचं दुखणं त्याच दिवशी कमी होतं. ‘सगळ्यांनाच दुखतं, सोस’ हे वाक्य मला ऐकवतच नाही.

दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून ओळखू नका. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त ओले लंगोट, मऊ पिवळी शी, आणि दोन आठवड्यांच्या आत जन्मवेळेइतकं परत आलेलं वजन, हे बघा. उलट, बाळ सुस्त पडलंय, प्यायला उठत नाही, कावीळ वाढतेय, लघवी कमी आहे, वजन जन्मवेळेपेक्षा १० टक्क्यांच्या आसपास उतरलंय, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तेव्हा वरचं दूध द्यायला सांगितलं तर ते औषधासारखं द्या. तत्त्वासाठी बाळाला उपाशी ठेवणं मला मान्य नाही. खरोखर कमी दूध येणाऱ्या बायका असतात. थोडं अंगावरचं आणि थोडं वरचं असंही महिनोन्महिने छान चालतं, बाळाला मिळालेलं आईचं थोडं दूध वाया जात नाही.

पावडरचं दूध देणाऱ्या आईला तर कुणी काहीच शिकवत नाही, जणू ती शिक्षाच. पावडर निर्जंतुक नसते. म्हणून उकळलेलं पाणी ७० अंशांच्या खाली जायच्या आत त्यात ती मिसळायची आणि मग दूध गार करून पाजायचं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चमच्याचं माप डब्यावर दिलेलं तेवढंच. पुरावी म्हणून पातळ करायची नाही, वजन वाढावं म्हणून घट्टही नाही. तयार दूध दोन तासांत वापरायचं, बाळाचं उष्टं उरलेलं टाकून द्यायचं. बाटली उशीला टेकवून बाळाला एकटं सोडायचं नाही, कुशीत घेऊन, मधे मधे थांबत पाजायचं. पहिल्या वर्षात गाईचं दूध मुख्य दूध म्हणून नाही, मध अजिबात नाही, आणि सहा महिन्यांपर्यंत वेगळं पाणी लागत नाही.

या आयांच्या बाजूने बोलते म्हणजे कंपन्यांच्या बाजूने बोलत नाही. फॉर्म्युलाच्या बेलगाम जाहिरातींना आवर घालायला १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने आंतरराष्ट्रीय संहिता ११८ विरुद्ध १ मतांनी मंजूर केली. तो एकमेव विरोध अमेरिकेचा होता. आजही थकलेल्या आईच्या फोनवर मध्यरात्री ‘बाळ शांत झोपेल’ अशा जाहिराती येतात. भीती विकणाऱ्यांना जाब विचारा, डबा घेणाऱ्या बाईला नको.

आणि त्या बाईची तब्येत? पाजण्याचा तिलाही फायदा आहे. एकूण दर १२ महिन्यांच्या पाजण्यामागे स्तनाच्या कर्करोगाची शक्यता सुमारे ४.३ टक्क्यांनी घटते, असं २००२ च्या एका मोठ्या विश्लेषणात आढळलं. पण आज तिला ताप येऊन छाती लाल, कडक झाली असेल तर हा आकडा तिच्या काय कामाचा! अशा वेळी पाजणं चालू ठेवता येतं, पण जोरजोरात चोळून गाठ फोडायचा प्रयत्न करू नका, त्याने सूज वाढते. थंड शेक द्या, आणि दिवसभरात उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे न्या, अँटिबायोटिक लागू शकतं.

मनाचं तर कुणी विचारतच नाही. बाळंतपणानंतरचं रडू दोन आठवड्यांत ओसरायला हवं. नाही ओसरलं, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, बाळ झोपलं तरी हिला झोप येत नाही, ‘मी नसले तर बरं’ असे विचार येतात, तर हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पाजत असताना घेता येतील अशी नैराश्याची औषधंही आहेत. ‘औषध सुरू केलं तर पाजणं सोडावं लागेल’ या भीतीने कितीतरी जणी उपचारच टाळतात, म्हणून हे ठळकपणे सांगतेय. आणि सगळा विचार करून तिला पाजणं थांबवायचंच असेल, तर तो निर्णय तिचा आहे. एकेक वेळ कमी करत हळूहळू थांबवलं की छाती तुंबत नाही.

घरातल्यांनो, तुम्ही पाजू शकत नाही, पण बाकी सगळं तुमच्या हातात आहे. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, दूध काढायच्या पंपाचे भाग धुऊन उकळणं, तिच्या हाताशी पाणी आणि खाणं ठेवणं, भेटायला येणाऱ्यांना ‘आज नको’ सांगणं. पाजणं दुखत असेल तर स्तनपान सल्लागाराची वेळ तुम्ही घ्या, तिच्याबरोबर जा, काय सांगितलं ते लिहून घ्या. आणि रात्री एका बाटलीची जबाबदारी उचला, मग त्यात काढून ठेवलेलं तिचं दूध असो की पावडरचं, म्हणजे तिला सलग चार तास झोपता येईल.