बाल्कनीत बसलेल्यांचं काय?

पुण्यात दादाच्या नातीच्या शाळेत मराठीच्या बाईंनी एका दलित आत्मकथनातला पाणवठ्याचा प्रसंग वर्गात वाचून दाखवला आणि पालकांनी तक्रार केली. कोवळ्या मुलांच्या डोक्यात जात कशाला भरता, हा एकूण सूर. तक्रारीवर दादाचीही सही. वर रविवारी फोनवर मलाच सुनावतो, "तुमच्या अमेरिकेनेसुद्धा ते 'टू किल अ मॉकिंगबर्ड' शाळांतून काढलं. मग आम्हीच काय घोडं मारलंय?"

अर्धवट बातमी वाचून बोलू नये, हे लहानपणी मला यानेच शिकवलं होतं.

माझी मुलगी इथे नॉर्थ कॅरोलायनात नववीत आहे आणि या सेमिस्टरला त्यांना तेच पुस्तक आहे. हार्पर ली यांची कादंबरी १९६०ची, गोष्ट १९३०च्या दशकातल्या अलाबामाची. टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावर गोऱ्या मुलीवरच्या बलात्काराचा खोटा आळ येतो. ॲटिकस फिंच हा गोरा वकील त्याचा खटला जिवापाड लढवतो. टॉमचा डावा हात निकामी आहे, आळ खोटा आहे, हे कोर्टात सगळ्यांना दिसतं. तरी ज्युरी त्याला दोषी ठरवते.

पण मुलांनी पहिलं पान उघडायच्या आधी मुलीच्या बाईंनी त्यांना अलाबामातल्या स्कॉट्सबरोच्या खऱ्या खटल्याकडे नेलं. मार्च १९३१. मालगाडीतून जाणारी नऊ काळी पोरं, दोन गोऱ्या मुलींचा बलात्काराचा आरोप, आणि अटकेपासून जेमतेम दोन आठवड्यांत आठ जणांना मृत्युदंड. १९३३ मध्ये रूबी बेट्स, त्या दोघींपैकीच एक, कोर्टात येऊन म्हणाली की असं काही घडलंच नव्हतं. ज्युरीने तरीही दोषीच ठरवलं. न्यायाधीश हॉर्टन यांनी तो निकाल रद्द केला, तर पुढच्या निवडणुकीत मतदारांनी त्यांनाच घरी बसवलं. शेवटच्या तिघांना अलाबामाने माफी दिली ती २०१३ साली. तेव्हा नऊपैकी एकही जिवंत नव्हता.

पुढे बाईंनी हेही सांगितलं की लेखिकेच्या गावी, मनरोव्हिलला, दर वर्षी या कादंबरीचं नाटक होतं. आणि त्याच गावातल्या एका खुनासाठी वॉल्टर मॅकमिलियन या काळ्या माणसाला १९८८ मध्ये खोट्या साक्षींवर दोषी ठरवून मृत्युदंड दिला गेला. सुटला १९९३ मध्ये. याला म्हणतात संदर्भासह शिकवणं. पुस्तकातली काळ्यांसाठीची ती शिवी वर्गात मोठ्याने वाचायची नाही, हेही पहिल्याच दिवशी ठरलं. कोणाचं मूल कोमेजलं नाही.

राहिलं दादाचं "काढून टाकलं". मिसिसिपीतल्या बिलॉक्सीने २०१७ मध्ये आठवीच्या अभ्यासातून हे पुस्तक काढलं, कारण त्यातली भाषा लोकांना अस्वस्थ करते. ही झाली दादाची मंडळी. पण २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या मकिल्टिओत तक्रार शिक्षकांचीच होती, आणि उलटी: अन्याय काळ्यांवर, कथा मात्र गोऱ्या तारणहाराची. तिथे फक्त सक्ती गेली. ज्याला शिकवायचंय त्याला मुभा आहे. एकजण म्हणतो विषय नको, दुसरा म्हणतो इतका गोड करून नको. दोघांना एका मापाने मोजायचं?

त्यावर दादाचं ठरलेलं: "तू तिकडे सुखात बसून आम्हाला शिकवू नकोस." तिकडे! दादा राहतो त्या पेठेतून फुलेवाडा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्यांना बोटीत बसावं लागलं नव्हतं.

पण ते बोलणं लागलं, हे खरं. कादंबरीतल्या कोर्टात काळे लोक वर बाल्कनीत बसतात. एका पाद्रीबाबांचं सोडलं तर त्यांचं बोलणं आपल्या कानावर फारसं येत नाही. मुलीला त्यांच्यापैकी कोणाच्या तरी बाजूने निबंध लिहायचा होता. जेवताना म्हणाली, "आई, आपण कुठे बसलो असतो?" मी म्हटलं, बाल्कनीत, अर्थातच. ऐटीतच म्हटलं. तर तिने क्रोमबुकवर इथे स्थायिक झालेल्या भगतसिंग थिंड या पंजाबी गृहस्थांचा १९२३चा खटला काढून दाखवला. आपण उच्चजातीय, आर्य, म्हणून गोरे, म्हणून नागरिकत्व द्या, हा त्यांचा दावा. सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला. म्हणजे बाल्कनीत बसायला आपला माणूस तयारच नव्हता. "उच्चजातीय म्हणजे? आपण आहोत?" तिला खरंच माहीत नव्हतं. दादाला हवं तसं निरागस मूल मीच वाढवलंय, नॉर्थ कॅरोलायनात.

आमच्यासारख्यांना दार उघडलं ते १९६५च्या स्थलांतर कायद्याने, आणि तोही बाल्कनीतल्या लोकांनी रस्त्यावर मार खाल्ल्यानंतर. तरी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात जातिभेदाविरुद्धचं विधेयक आलं तेव्हा आमच्या पॉटलकमध्ये ऐकू आलं ते अगदी दादाचंच वाक्य: इथे जात कुठे आहे, मुलांच्या डोक्यात कशाला भरता. ते म्हणणारेच नव्या माणसाला आडनावावर न थांबता "म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?" असं विचारतात.

अलाबामाबद्दल माझी मतं इतकी ठाम आहेत याचं कारण सोपं आहे. तिथल्या ज्युरीत माझे आजोबा नव्हते. आमच्या गावच्या विहिरीवर मात्र ते होते, आणि पाणी कोण काढायचं, कोण ओंजळ धरून लांब उभं राहायचं, ते दादाने माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय.