पित्त उठलं की घोंगडी पांघरा म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत आलाय. अंगावर पित्त उठतं ते पोटातलं पित्त रक्तात उतरल्यामुळे, म्हणून आमसुलाचा कोळ चोळा, घोंगडी पांघरून घाम काढा, वांगं दही शेंगदाणे कायमचे बंद, ॲलर्जीची गोळी नको कारण सवय लागते, आणि ओठ सुजले तरी घाबरू नका. मामींनी पाठवलाय, मनाने चांगल्या आहेत हो, पण मी दोन वर्षं हे भोगलंय त्यामुळे गप्प बसवत नाही.

पोटातल्या पित्ताचा इथे काही संबंध नाही, नाव एकच पडलंय म्हणून सगळा घोळ. कातडीतल्या मास्ट नावाच्या पेशींमधून हिस्टामिन हे रसायन सुटतं, बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, कातडी फुगते नि खाज सुटते, त्याच या गांधी. रक्तात घाणबिण काही नसते. एका गांधीभोवती पेनाने गोल काढून ठेवा, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी गोल रिकामा आणि गांध भलतीकडेच. तीच जागा २४ तासांच्या वर तशीच राहिली, दुखली किंवा काळा डाग पडला तर मात्र डॉक्टरांना दाखवा, ते वेगळं काही असू शकतं.

आमसुलाने बरं वाटतं, खोटं नाही, पण ते गारव्याने, ओल्या पंचानेही तेवढंच वाटतं. (काहींना गारव्यानेच पित्त उठतं, त्यांनी हेही करू नये.) आणि खाजवून सोललेल्या जागी तो आंबट कोळ असा झोंबतो की विचारू नका. घोंगडीचं तर नावच काढू नका. आजीने रात्री अडीचला मला गुंडाळलं होतं, लोकर टोचतेय, घाम फुटलाय, आणि वीस मिनिटांत मनगटावरचं पित्त मांडीपर्यंत. उष्णतेने ते वाढतंच.

वांग्याचं म्हणाल तर, खाण्याने उठलं तर बहुतेक वेळा दोनेक तासांत उठतं. सहा आठवड्यांच्या वर चाललेल्या पित्ताला सहसा खाण्यातलं कारण सापडतच नाही, लहान मुलांना अचानक उठतं ते बऱ्याचदा सर्दीतापाच्या व्हायरसने. मी सहा महिने दही सोडलं नि अंग ठणकतं म्हणून डायक्लोफेनॅक मात्र घेत राहिले, ज्याने पित्त भडकू शकतं! आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिनचंही तेच.

आता गोळी. सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन या हिस्टामिनला अडवतात, पित्त आत दाबत नाहीत, आणि बंद केल्यावर परत उठतं ते दुखणं संपलेलं नसतं म्हणून, व्यसन लागलं म्हणून नाही. हां, सेटिरिझिन महिनोन्महिने रोज घेऊन एकदम बंद केली तर क्वचित कुणाला जबर खाज सुटते, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नजर ठेवणारी तिथली सरकारी संस्था) २०२५ मध्ये तसा इशारा दिलाय, म्हणून बंद करताना डॉक्टरांना विचारा. भीती बाळगायचीच असेल तर मेडिकलवाला न विचारता पुडीत टाकतो त्या स्टेरॉइडच्या गोळीची बाळगा, ती वारंवार घेतली की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

आणि मामी, ओठांचं ते वाक्य तेवढं डिलीट कराच. ओठ, जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, दम लागला, चक्कर आली, यातलं काहीही झालं तर कोळ भिजवत बसायचं नाही, १०८ लावायचा, तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं.